आमचं कुत्रं पाळीव नव्हतं

पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या मागं चाललेल्या घरात मी जन्मलो आणि मेंढरू वाऱ्याच्या दिशेला आलं की मला शिंका येतात. हे मी हसतच सांगतो. लग्नकार्यात जेवणं उरकली, मांडवात सतरंज्या पडल्या की भाचरं जमतात आणि म्हणतात, "मामा, शिंकांची गोष्ट." मग मी शिंकून दाखवतो. एक साधी, एक दबलेली, एक ती, जिच्यात डोक्यावरची टोपी उडते. डॉक्टरांचा आवाज काढतो, आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा काढतो. लोकं हसतात. त्या गोष्टीतला एक भाग मी नेहमी गाळतो. तो इथं लिहितो, कारण कागद मध्येच "मग पुढं काय झालं?" असं विचारत नाही.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी भवानीनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. उसाच्या रसात साखर किती, हे नळीत डोळा लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, पुढं व्हरांडा, मागं न्हाणी. लग्न व्हायचं होतं. ड्यूटीवरनं आलं की कुलूप काढायचं, आत जायचं, आणि आतनं कडी लावायची. कडी लावल्याचा आवाज त्या रिकाम्या खोल्यांत फार मोठा व्हायचा. मग मी रेडिओ लावायचो. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामान सांगायचे. मला ना शेत, ना पीक, पण उद्या पाऊस आहे का नाही हे कुणीतरी मला सांगतंय, एवढ्यावर मी खूश असायचो.

त्याच साली आई गेली. मेंढरं तिच्या आधीच गेली होती. कालव्याचं पाणी आमच्या माळाला आलं, माळाचा ऊस झाला, आणि उसात मेंढरू शिरलं की भांडण ठरलेलं. आबांनी सगळा कळप विकला. कुत्रं तेवढं मागं राहिलं, कारण कुत्रं कोण विकत घेतं? वाडीवरच्या घरात आबा आणि कुत्रं असे दोघंच उरले. माझी बहीण पणदऱ्याला दिलेली. ती म्हणाली माझ्याकडं चला. पण आबांचं उत्तर ठरलेलं, "लेकीच्या घरी पावण्यासारखं जावं आन् पावण्यासारखं यावं."

म्हणून मी गेलो आणि म्हणालो, "आबा, माझ्याकडं चला. मला तरी कोण हाय तितं?"

आबांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "आन् ह्येचं काय?"

कुत्रं त्यांच्या पायाशी पडलं होतं. तांबूस रंग, मानेभोवती पांढरा पट्टा, एक कान लांडग्यानं फाडलेला.

"आणा की त्येलाबी," मी म्हणालो. पिशवी आणा म्हणावं तसं.

एसटीत कंडक्टर कुत्र्याला घेईना. म्हणून दिवाळी झाल्यावर आबा वाडीवरनं चालत आले. दीड दिवस लागला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, काठीला बांधलेला पितळी तांब्या, आणि मागं कुत्रं. त्यांचा सगळा संसार तेवढाच होता. शेजारचे फिटर गेटावर उभे होते. ते मला म्हणाले, "वडील यात्रेवरनं आले का काय?"

आता त्या दिवसांचं काय सांगू? ड्यूटीवरनं आलो की दार उघडं असायचं. चुलीवर म्हणता येणार नाही, स्टोव्हवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं आणि आबा भाकरी थापत असायचे. आयुष्यभर रानात स्वतःची भाकरी स्वतः केलेला माणूस, त्यांची भाकरी अशी फुगायची की फिटरवहिनी बघायला यायच्या. आबा माझ्याशी फार बोलायचे, असं मात्र नाही. दिवसातनं तीन वाक्यं. "आलास?" "जेव." "पड आता." बाकी सगळं बोलणं कुत्र्याशी. मी आतल्या खोलीत पडलेला असायचो आणि बाहेर आबा कुत्र्याला सांगत असायचे, "ह्ये काय रान हाय व्हय? ह्या लोकास्नी शेजारी कोण ऱ्हातंय त्येचाबी पत्ता न्हाय." कुत्रं ऐकायचं. मीही ऐकायचो, भिंतीआडनं. वडिलांच्या मनातलं कळायला मला मधे कुत्रं लागायचं. तरी मला बरं वाटायचं. कडी लावायची आठवणच होत नव्हती.

पंधरवड्यात शिंका सुरू झाल्या.

पहिल्यांदा सकाळी पाच-सहा, मग पंचवीस-तीस. नाक गळायचं, डोळे लाल, टाळूला आतनं खाज. लॅबमध्ये नळीत डोळा लावायचो आणि नेमकी तेव्हाच शिंक यायची. साहेब म्हणाले, "तुमच्या शिंकेनं साखर वाढणार नाही." कॉलनीत कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गळीत हंगाम चालू झाला होता, बॉयलर पेटला होता. दोरीवर धोतर वाळत घातलं की त्यावर काळे ठिपके यायचे. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा हवेत. कॉलनीत कुणालाही काहीही झालं, पाय मुरगळला तरी, दोष चिमणीचा.

"धुराडं बाधलंय तुम्हाला," फिटर म्हणाले. "मला पहिल्या वर्षी असंच झालं. अंगात मुरलं की मग काही होत नाही."

मी मुरायची वाट बघत राहिलो. आबांनी आपले उपाय चालू केले. माझी पापणी खाली ओढून आतली लाली बघायचे, जबडा धरून तोंडात बघायचे, बरगड्यांवरनं हात फिरवायचे. सगळं मेंढरासारखं. एकदा फिटरवहिनींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आबा, दात मोजून घ्या, बाजारात वय विचारतात." आबा हसले नाहीत. त्यांनी छातीला कान लावला होता. म्हणाले, "आत शिट्टी वाजतीया."

मग पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात ओवा टाकायचा, मला त्यावर वाकवायचं आणि वरनं घोंगडं टाकायचं. आमच्यात घोंगडं म्हणजे सगळं. पाऊस आला घोंगडं, थंडी आली घोंगडं, देव बसवायचा तर घोंगड्यावर, पंचायत बसायची तर घोंगड्यावर. छातीत कफ झाला तरी लोकरीची ऊब. मी त्या काळ्या अंधारात तोंड खुपसून वाफ घ्यायचो आणि बाहेर आलो की दुप्पट शिंकायचो. आबा समाधानानं म्हणायचे, "निघतंय, निघतंय. समदं भाईर निघतंय."

एप्रिलमध्ये हंगाम संपला. चिमणी थंड झाली. दोरीवरची धोतरं पांढरी राहू लागली. माझ्या शिंका चालूच, वर आता जिना चढलो की दम लागायला लागला. फिटर म्हणाले, "हे काही धुराडं नव्हे. बारामतीला दाखवा."

बारामतीच्या डॉक्टरांकडं आबा सोबत आले. मोठ्या पोराला डॉक्टरकडं बाप घेऊन आलेला बघून बाकावरची माणसं जरा सरकून बसली. डॉक्टर तरुण होते, सगळं लिहून घेत होते. घरात धूर असतो का, उशी कशाची, तंबाखू, घरातल्या कुणाला दमा. मग विचारलं, "घरात पाळीव प्राणी?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"नाही," मीही म्हणालो.

आणि आम्ही दोघंही खरं बोललो होतो. पाळीव म्हणजे कोंबडी, शेळी, म्हैस. ज्याला आपण खायला घालतो आणि ज्याचं दूध, अंडं, मटण आपण घेतो ते. कुत्रं कुठं पाळीव? ते कामाला असतं. लांडग्याच्या तोंडी जायचं काम. पगार म्हणजे अर्धी भाकरी. ते रिटायर होऊन आबांबरोबर माझ्याकडं आलं होतं, एवढंच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मला झोप येई आणि मी झोपेत शिंकत असे.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. या वेळी छाती तपासताना डॉक्टरांनी माझ्या कॉलरवरनं चिमटीत काहीतरी उचललं. "हा केस कुणाचा?"

मी काही बोलायच्या आत आबांनी तो त्यांच्या हातातनं घेतला, खिडकीकडं नेला, उजेडात धरला आणि म्हणाले, "मानंचा हाय. पांढरा पट्टा हाय न्हवं, तितला."

"कुणाच्या मानेचा?"

"कुत्र्याच्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, मी मागच्या वेळी विचारलं होतं. पाळीव प्राणी आहे का म्हणून."

"पाळीव न्हाय वो," आबा म्हणाले. "आमचंच हाय."

भाचरं हसतात ती इथं.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. दोष केसांचा नसतो. कुत्र्याच्या अंगाचा कोंडा असतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि लाळ असते. ती वाळून हवेत तरंगते, कपड्यांना चिकटते, भिंतींना बसते. काहींच्या शरीराला तो शत्रू वाटतो. शिंका म्हणजे शरीर त्याला हाकलतंय.

"पण मी तर लहानपणी कोकरं कुशीत घेऊन झोपायचो," मी म्हणालो. "दोन-दोन कुत्री अंगाशी असायची."

"नंतर?"

"सातवीनंतर हितंच बारामतीला वसतिगृहात. मग नोकरी."

"म्हणजे बारा-तेरा वर्षं लांब. लहानपणी सवय असते. मधे एवढा काळ गेला की काहींचं शरीर ओळख विसरतं, कुत्र्याची काय आणि मेंढरांची काय. सगळ्यांचं नाही, पण होतं असं."

शाळेत घालायचा निर्णय आबांचाच होता. आमच्या घराण्यातनं शाळेत गेलेला मी पहिला. आबा डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी कुत्र्याचा दोष न्हाय?"

"दोष कुणाचाच नाही, आजोबा."

मग डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. कुत्रं झोपायच्या खोलीत नको, जमलं तर घरातच नको. त्याला आठवड्याला आंघोळ. हात लावला की साबणानं हात धुवायचे. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात. छातीसाठी एक यंत्र दिलं, त्यात कॅप्सूल घालून फिरवायची आणि जोरात ओढायची. आणि एवढं करूनही भागलं नाही तर काही महिने कुत्र्याला दुसरीकडं ठेवून बघा, म्हणाले.

एसटीत आबा खिडकीशी बसले होते. भवानीनगर आलं. उतरल्यावर म्हणाले, "कुत्रं व्हरांड्यात ऱ्हाईल."

कुत्रं व्हरांड्यात गेलं, आणि आबाही व्हरांड्यात गेले. मी म्हणालो, "तुमी आत झोपा की." तर म्हणाले, "मला आत गुदमारतं." दुसऱ्याच दिवशी नळावर कुत्र्याच्या आंघोळीचा कार्यक्रम झाला. कॉलनीतली निम्मी माणसं जमली. लांडग्याला न भ्यालेलं ते कुत्रं कपड्याच्या साबणाला बघून असं ओरडलं की वॉचमन पळत आला. आबा त्याच्या पाठीवर फेस चोळत म्हणत होते, "गप. साहेबाच्या घरी ऱ्हायाचं म्हंजी आंगूळ करावी लागती." साहेब म्हणजे मी.

चादरी, गोधड्या, उशीचे अभ्रे, सगळं आम्ही उकळून काढलं. आणि फरक पडला. सकाळच्या शिंका पाच-सहावर आल्या. आत मी, बाहेर आबा आणि कुत्रं, मधे दार. दार लावून घ्यायचं, असं आबांनीच ठरवलं होतं. जेवायला ते आत यायचे, हात धुऊन, धोतर बदलून, पाहुण्यासारखे. पुन्हा माझ्या कडीचा आवाज मोठा व्हायला लागला.

आता गाळतो तो भाग.

मेच्या अखेरीला एक दिवस आबा बहिणीकडं पणदऱ्याला गेले. माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी कॉलनी चिडीचूप. उन्हानं पत्रा तडतडत होता. कुत्रं व्हरांड्यात दाराला नाक लावून बसलं होतं, आणि आबा ज्या रस्त्यानं गेले तिकडं तोंड करून मधनंच बारीक रडत होतं. मी दोनदा म्हणालो, "येतील रे संध्याकाळी." तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या लक्षात आलं, की मी आबांसारखाच त्याच्याशी बोलतोय, आणि सकाळपासनं तोंडातनं निघालेले हे माझे पहिलेच शब्द आहेत.

मी दार उघडलं. म्हणालो, "ये."

ते उंबऱ्यापाशी थांबलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. मी पुन्हा म्हणालो, "ये रे." तेव्हा आलं. पंख्याखाली मी फरशीवर पडलो आणि ते माझ्या बाजूला पडलं, डोकं माझ्या दंडावर. मी त्याच्या मानेत तोंड घातलं. उन्हाचा, मातीचा, लहानपणीच्या वाड्याचा, मेंढरांच्या वाड्याचा म्हणतोय मी, तो वास. किती वेळ पडलो होतो सांगता येणार नाही. मला वाटतं मी त्याला बरंच काही सांगितलं. आईचंही सांगितलं. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते ॲलर्जीचं का दुसरं, ते तेव्हा तपासलं नाही.

मग छाती आवळली. हवा आत जाईना आणि गेलेली बाहेर येईना. यंत्र फळीवर, फळी समोर, आणि मला उठता येईना. कुत्रं भुंकायला लागलं. ते ऐकून फिटरवहिनी आल्या. त्यांनी आरडाओरडा केला, फिटरनी स्कूटर काढली आणि मला मधे बसवून, मागं एक माणूस धरायला घेऊन, बारामती गाठली.

दोन दिवस ऑक्सिजन लावून पडलो होतो. आबा उशाशी होते. त्यांना फिटरवहिनींनी सांगितलं होतं, "आबा, कुत्रं आत शिरलं हो. दार ढकललं असणार."

आबांनी मला विचारलं, "कसं काय शिरलं?"

मी डोळे मिटले. नाकाला नळी होती, बोलायला नको होतं. पण नळी नसती तरी मी बोललो नसतो.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आबा आदल्या संध्याकाळीच "कुत्र्याचं बघून येतो" म्हणून परतले होते. क्वार्टर झाडून पुसून लख्ख. व्हरांडा धुतलेला. आबा नव्हते, कुत्रं नव्हतं. काठी नव्हती, तांब्या नव्हता. माझ्या कॉटवर घोंगडं घडी करून ठेवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "सकाळी गेले. भिगवणकडं तुमच्या मामांचा कळप आहे ना, तिकडं जातो म्हणाले. थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. निरोप ठेवलाय, घोंगडं छातीवर घेऊन झोप म्हणावं."

मी घेऊन झोपलो. आख्खा पावसाळा घेऊन झोपलो. घोंगड्याला आबांचा वास होता.

आणि शिंका थांबल्या नाहीत. महिना झाला, दोन झाले. रोज सकाळी दहा-बारा, छातीत शिट्टी. पण या वेळी मला शिंकांचा राग येत नव्हता, उलट मी शिंका मोजून वहीत लिहायला लागलो. कुत्रं गेलं तरी शिंका आहेत, म्हणजे कुत्रं निर्दोष. म्हणजे आबांना परत आणता येईल. रोजच्या शिंकांनी आशा वाढत होती. असा पेशंट डॉक्टरांनी क्वचितच पाहिला असेल. वही त्यांच्यासमोर ठेवून मी हसतमुखानं म्हणालो, "डॉक्टरसाहेब, बघा. कुत्रं जाऊन तीन महिने झाले. तरी एवढ्या!"

डॉक्टरांनी वही चाळली. "अंथरुणात काय काय आहे? एकेक सांगा."

"गादी, चादर, उशी. सगळं उकळतो."

"आणि पांघरायला?"

"घोंगडं."

"ते कधी धुतलं?"

घोंगडं कुणी धुतं का? लोकरीला विटाळ नसतो. देव बसतो त्यावर. शिवाय त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. धुतलं की ती उतरते आणि मग घोंगडं ढिलं पडतं, वारा आत घेतं. आम्ही घरातली चिंधी न्‌ चिंधी उकळली होती आणि घोंगडं त्यात मोजलंच नव्हतं. ते पांघरूण नव्हतंच. ते घोंगडं होतं.

"त्यावर कुत्रं झोपायचं?"

"आबा आणि कुत्रं. दहा-अकरा वर्षं."

डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा अजून आभारी आहे. म्हणाले, "कुत्रं गेलं तरी कोंडा कित्येक महिने राहतो. लोकरीत तर फारच. ते आधी घराबाहेर काढा."

मी ते पत्र्याच्या पेटीत घालून पेटी बहिणीकडं ठेवली. तीन आठवड्यांत शिट्टी थांबली. महिन्यात शिंका थांबल्या. नाक मोकळं, छाती मोकळी, खोल्याही मोकळ्या. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवलंत, कुत्रं अंगणात राहिलं आणि तुम्ही त्याला हात लावला नाहीत, तर जमूही शकेल. बघा प्रयत्न करून.

दसरा झाल्यावर मी भिगवणला उतरलो. धरणाचं पाणी काठोकाठ होतं. पाण्याच्या कडेकडेनं तासभर चाललो तेव्हा कळप दिसला. आबा उभे होते, काठीवर हनुवटी टेकून. मी हाक मारायच्या आत कुत्र्यानं मला ओळखलं आणि ते सुटलं. आबांनी तोंडानं एक आवाज काढला. कुत्रं तीस-चाळीस पावलांवर गपकन बसलं. शेपूट मात्र मातीवर आपटत होतं.

"तितंच थांब," आबा मला म्हणाले. त्यांनी मूठभर माती उचलून सोडली, वारा बघितला. मग लांबचा वळसा घालून आले आणि माझ्यापासून दहा हातांवर, खालच्या अंगाला बसले. "हां. आता बस. वारा तुज्याकडनं माज्याकडं हाय."

दहा हातांवरनं बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलावं लागतं. मनातली गोष्ट ओरडून सांगायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती.

"आबा, त्या दिवशी कुत्रं आपणहून आत आलं नव्हतं! मी बोलवलं!"

"ठावं हाय," आबा म्हणाले. "बोलवल्याबिगर ते उंबरा वलांडत न्हाय."

"मग तुमी गेला का?"

"तू परत बोलवलं असतंस म्हणून."

पाण्यात लांब एक होडी जाळं ओढत होती.

"दार लावलं तर मी दारात बसून राखण करीन, त्येचं काय न्हाय," आबा म्हणाले. "पर आतनं कडी काढणाऱ्याची राखण कशी करू?"

मी घोंगड्याचं सांगितलं. त्याचं मात्र त्यांना हसू आलं. काठी आपटून हसले. "आरं तिच्या मायला. म्हंजी कुत्रं घिऊन म्या हितवर चालत आलो आन् कुत्रं तुज्याच उशाला ऱ्हायलं!" मीही हसलो. दहा हातांवरनं आम्ही दोघं हसत होतो आणि मेंढरं माना वर करून बघत होती.

मग मी मुद्द्यावर आलो. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. अंगण, कुंपण, पथ्य. "आता चला परत."

आबांनी पाण्याकडं बघितलं. "न्हाय रं."

"का?"

"तू येणार, जेवणार, पडणार. तुजी चूक न्हाय, तुला काम हाय. पर दीसभर म्या त्या फरशीवर काय करायचं? हितं मेव्हणा शिव्या देतो, म्या त्येला देतो. दीस जातो." काठीनं माती उकरत म्हणाले, "तुज्या घरी लई शांत हाय."

मला वाटत होतं, त्या घरात एकटा मीच होतो.

तासाभरानं मी उठलो. एसटी चुकली असती. आबाही उठले, पण जवळ आले नाहीत. अंगावरचं सगळं मेंढरांचं होतं. त्यांना आठवण झाली, म्हणाले, "आता आठ दिसांत लोकर कातरायची हाय. त्येच्या आदी समदी मेंढरं पाण्यात घालून धुतो. त्येच्या दुसऱ्या दिशी ये. त्या दिशी कायबी उडत न्हाय. कुत्र्यालाबी ढकलतो पाण्यात, आन् म्याबी बुडी मारतो. मंग हितं बस माज्याजवळ, जेव, आन् जा."

तसं मग ठरूनच गेलं. वर्षातनं दोनदा लोकर कातरायची, दोनदा मेंढरं धुवायची, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जायचो. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, कागदावर हे पथ्य मला सुचलं नसतं. त्या दिवशी आबा माझ्याशेजारी बसायचे, खांद्याला खांदा लावून. केस ओले, धोतर ओलं, बोलणं तेवढंच कमी. कुत्रं लांब वाळत पडलेलं. मी औषध ओढून गेलेलो असायचो. नाकाला पाणी यायचंच, पण तेवढं चालतं.

कळप कुठं असेल ते कळायला पोस्टकार्ड यायचं. आबांना लिहिता येत नव्हतं. ज्या गावाला मुक्काम त्या गावच्या मास्तरांकडनं लिहून घ्यायचे, त्यामुळं अक्षर दर वेळी नवं. पण मजकूर तोच. गावाचं नाव, आणि खाली, 'मेंढरं उद्या धुणार.' कार्ड हातात पडेपर्यंत कधी धुऊन दोन दिवस उलटलेले असायचे. मग मी कार्ड खिशात घालायचो आणि सहा महिने थांबायचो. वेळेत आलं, तर मात्र तिथल्या तिथं लॅबच्या टेबलावर रजेचा अर्ज लिहायला बसायचो. 'कारण' या रकान्यात काय लिहावं, यावर माझं पेन दर वेळी अडायचं. शेवटी मी 'घरगुती' एवढंच लिहायचो, आणि साहेब काही न विचारता सही करायचे.